मरीआईचा गाडा पुढे गेला नाही

जांभुळखोऱ्यात भिकोबा महाराज नेमके कधी आले, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. एका उन्हाळ्यात ते ओढ्याकाठच्या पडक्या धर्मशाळेत दिसू लागले, एवढंच. अंगात बंडी, खांद्यावर घोंगडी आणि कडेला पोचे पडलेली तांब्याची घागर. भजन म्हणत, पण आवाज अगदीच बेताचा, आणि हे महाराज स्वतःच हसून कबूल करत! अंगारा नाही, ताईत नाही, भविष्य नाही. धर्मशाळेपुढे दगडांची चूल मांडून ते दिवसभर पाणी तापवत बसायचे आणि येईल त्याला निवलेलं पाणी प्यायला द्यायचे. हाच त्यांचा प्रसाद.

महाराज म्हणत, "पाणी ही आई, अग्नी हा बाप. दोघांची गाठ पडल्याशिवाय लेकराच्या तोंडाला पाणी लावू नका."

झालं! गावाला चेष्टेला विषय मिळाला. त्यातून गावचे हैबतराव पाटील म्हणजे बोलण्यात मोठे वस्ताद. पारावर बसून मिशीवर हात फिरवत म्हणायचे, "दुसऱ्या गावचे महाराज पाण्यावरून चालतात, आमचे पाणी तापवतात! अहो, देवाकडं मागितला साधू आणि देवानं धाडला पाणक्या!" सगळा पार खो खो हसायचा. महाराजांच्या कानावर हे गेलं की तेही हसायचे आणि म्हणायचे, "पाटलांना सांगा, पाणक्या बिनपगारी आहे. ठेवून घ्या."

पण गावात एक बाई अशी होती, की महाराजांचा शब्द म्हणजे तिला देवाचा शब्द. तिचं नाव धुरपदा. जातीनं बुरूड. नवरा रानात बांबू तोडायला गेला तो साप चावून तिथेच राहिला. मागे एकुलती लेक, ठकू नावाची. सहा-सात वर्षांची, दातपडकी, आणि बोलायला लागली की थांबायची नाही! धुरपदा टोपल्या, सुपं विणायची आणि विणून उरलेल्या काड्या दोन भागांत वाटायची. अर्धा भाग महाराजांच्या चुलीला. अर्धा घरच्या चुलीला, पाणी तापवायला. शेजारणी म्हणायच्या, "भाकरीला सरपण न्हाई आन् ही बया पानी शिजवतीया! मीठमसाला घाल की गं त्यात!" धुरपदा खाली मान घालून विणत राहायची. महाराजांनी सांगितलंय, बस्स. त्यापुढे तिला काही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी श्रावण संपता संपता खोऱ्यात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली.

आपण आज दवाखान्यात जातो, बाटली लावून घेतो आणि दुसऱ्या दिवशी घरी येतो. त्या काळी पटकी म्हणजे काय होतं, हे कसं सांगू? सकाळी नांगराला गेलेला माणूस दुपारी घरी येतो, ढाळ आणि वांत्या सुरू होतात, संध्याकाळपर्यंत डोळे खोल जातात, बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतते, आवाज बसतो आणि संपतं. घरात एकाला झाली की दुसऱ्याला व्हायची. वरची आळी तर अर्धी रिकामी झाली. रडणाऱ्याचे डोळे पुसायलाही कुणी शेजारी उरेना. तिरड्यांना बांबू लागत आणि ते धुरपदाकडून जात. टोपल्या विणणारे तिचे हात आता दिवसभर तिरडीचे बांबू चिरू लागले. कोयत्याचा तो आवाज ऐकला की लोक दारं लावून घेत.

आणि सर्वात भयंकर गोष्ट तर पुढेच आहे! पटकी झालेल्याचं पाणी तोडायचं, असा गावाचा रिवाज होता. पाणी पाजलं की ते आतून वाहूनच जाणार, उलट जास्त वाहणार; मग पाणी बंद केलं म्हणजे ढाळही बंद, असं जुनी माणसं सांगत. त्यात दुष्टपणा नव्हता हो! आया स्वतःच्या लेकरांना जीव वाचावा म्हणूनच तहानेलं ठेवत. लेकरू "पाणी, पाणी" करायचं आणि आई स्वतःच्या तोंडात पदराचा बोळा कोंबून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. अशी किती लेकरं गेली, त्याचा हिशेब देवापाशी.

महाराज दारोदार फिरले. "पाजा रे पाजा! तापवलेलं पाणी पाजा. भाताची पातळ पेज करा, मीठ घाला, गुळाचा खडा घाला, चमच्या चमच्यानं द्या. ओकलं तर थोडं थांबा, पुन्हा द्या." लोकांनी हात जोडले आणि दार लावलं. काहींनी हातही जोडले नाहीत. महाराज परत धर्मशाळेत येऊन चुलीपुढे बसत. भजन म्हणणं त्यांनी त्या दिवसांत सोडलं होतं.

आणि मग एका सकाळी ठकूला ढाळ लागले.

धुरपदा लेकीला तशीच घरात ठेवून धावत महाराजांकडे आली आणि त्यांच्यापुढे कोसळली. "महाराज, म्या एक दिस चुकवला न्हाई! पानी तापवल्याबिगर घोट दिला न्हाई तिला. मंग का? माझ्याच पोरीला का?"

आता इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पूर्वजन्मीचं पाप, किंवा देवाची परीक्षा. आमचे महाराज तसं बोलले नाहीत. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाई. कुठंतरी ओंजळभर प्यायली असेल. नसेलही. मला ठाऊक नाही."

"मंग आता?"

"आता पेज कर. उठ."

धुरपदा उठली. घरात मूठभर तांदूळ होते, सणासाठी ठेवलेले. तिनं पेज केली, मीठ घातलं आणि ठकूचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाजू लागली. पोरीनं ओकली. धुरपदा थांबली. पुन्हा पाजली. पुन्हा ओकली. दर वेळी धुरपदाच्या मनात येई, जुनी माणसंच खरी असतील तर? मीच माझ्या हातानं मारतेय का हिला? तरी चमचा थांबला नाही. त्या चमच्यामागे ज्ञान नव्हतं, मंडळी. नुसती श्रद्धा होती, आणि तीही थरथरत होती.

शेजारणीनं दारातून पाहिलं आणि बोंब ठोकली. "आगं, पानी पाजतीया! पोरीला पानी पाजतीया!"

त्याच दिवशी गावात मरीआईचा गाडा निघायचा होता. हा गाडा म्हणजे काय, ते सांगते. पटकी आली म्हणजे मरीआई कोपली, असं मानत. मग लाकडाचा छोटा गाडा करायचा, त्यात शेंदूर लावलेली देवी बसवायची, हिरवी चोळी, बांगड्या, नारळ, दहीभात ठेवायचा. प्रत्येक आजारी घरातून एकेक कापड त्यावर टाकायचं, म्हणजे त्या घरचा आजार गाड्यावर चढला. मग पोतराज हलगी वाजवत पुढे आणि गावकरी गाडा ढकलत मागे. आपल्या शिवेबाहेर दुसऱ्या गावाच्या हद्दीत गाडा सोडायचा आणि मागे न बघता परत यायचं. तिथल्या लोकांनी तो पुढच्या गावच्या हद्दीत ढकलायचा. अशी देवी गावोगाव हाकलली जाई, आणि पटकी तिच्याबरोबर.

हैबतराव पाटलांनी धुरपदाची बातमी ऐकली आणि ते थेट तिच्या झोपडीपुढे उभे राहिले. बरोबर दहा-पंधरा बाप्ये आणि रावजी पोतराज.

"धुरपदे, खरं का हे? पाणी पाजतेस पोरीला?"

"व्हय जी. पेज."

"कुणी सांगितलं?"

"महाराजांनी."

पाटील हसले, पण त्या हसण्यात काही गंमत नव्हती. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "महाराजांनी! इतके दिवस पाणी तापवून पाजलंस ना? काय झालं त्याचं? तुझ्या पोरीला पटकी झालीच ना? मग तुझा महाराज काय कामाचा? अख्खं गाव जीव मुठीत धरून आईचा नेम पाळतंय. लोकांनी पोटच्या पोरांचं पाणी तोडलंय, पोटच्या पोरांचं! आणि तू एकटी शहाणी?" शेवटी त्यांचा आवाज चिरकला. "हिच्या पायी आई गावातून हलायची नाही. हिची पोर आता आईचीच. घाला गाड्यावर!"

धुरपदा लेकीवर पालथी पडली. शेजारणींनी तिचे हात सोडवले. त्याही रडत होत्या, पण सोडवले! ठकूला उचलून गाड्यावर, देवीच्या पुढ्यात, त्या आजारी घरांतल्या कापडांवर ठेवलं. आता ती गावोगाव जाणार, आणि कुठल्याच गावातला कुणी तिला घोटभर पाणी देणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. हलगी वाजू लागली. धुरपदा पेजेचं मडकं छातीशी धरून गाड्यामागे धावली, आणि धावता धावता ओरडली, "महाराज! अहो महाराज!"

वेशीपाशी भिकोबा महाराज रस्त्यात उभे होते.

गाडा थांबला. महाराजांनी आधी वाकून देवीला नमस्कार केला. मग ठकूच्या कपाळावर हात ठेवला.

पाटील म्हणाले, "महाराज, बाजूला व्हा. आज तापवलेलं पाणी नको, आज माणसं तापलीत."

महाराजांनी विचारलं, "आईला कुठं घेऊन निघालात?"

"शिवेपार."

"आणि तिथून?"

"तिथून ते गाव पुढच्या गावात घालवील."

"आणि तिथून?"

"आणखी पुढं! रीतच आहे ती. तुम्हाला ठाऊक नाही का?"

"शेवटचं गाव कुठलं, पाटील?"

पाटलांनी पोतराजाकडे पाहिलं. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. खरंच की, याचा कुणी विचारच केला नव्हता! शेवटी रावजी पोतराज हलगी खाली करून म्हणाला, "महाराज, माझा बाप, आजा, समदे या गाड्याम्होरं चालले. पर शेवटचं गाव कुनी पाह्यलं न्हाई."

"मी पाहिलंय," महाराज म्हणाले. "मी तिथलाच. गाडा आमच्या शिवेत आला तेव्हा पुढं डोंगर होता. पुढं ढकलायला गाव नव्हतं. मग ढकलायला माणूसही उरला नाही. माझी आई, माझी बायको, माझी दोन लेकरं. सगळ्यांचं पाणी मी माझ्या हातानं तोडलं होतं, पाटील. नेम पाळला होता मी."

इतकी वर्षं महाराज या गावात राहिले, पण ते कुठले, कुणाचे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

महाराज पुढे म्हणाले, "ही आई आहे रे. जिच्यापुढं नारळ फोडता, तिला दारोदार हाकलता? तिच्या ओटीत तहानेलं लेकरू टाकून वर तिलाच नावं ठेवता?"

पाटलांनी मान झटकली. "बोलणं पुरे झालं. ढकला!"

महाराज रस्त्यातून बाजूला झाले. त्यांनी गाड्याला बोट लावलं नाही. "ढकला," तेही म्हणाले.

बाप्यांनी गाडा ढकलला. हलेना! एवढासा तो गाडा, रोजच्या मोटेपेक्षा हलका. रस्ता सपाट, मुरमाचा. आणखी चौघे लागले. नुसता कर्रकर्र आवाज झाला. "दगड बघा रे चाकाखाली!" पाटील ओरडले. दगड कुठला! एकानं खाली वाकून चाकं चाचपली आणि घाबरून हात मागे घेतला. शेवटी पाटलांनी स्वतः खांदा लावला. ढकलता ढकलता त्यांचा पटका सुटला आणि धुळीत पडला, गळ्याच्या शिरा फुगल्या, पण गाडा तसूभर हलला नाही. देवी जागच्या जागी बसून होती.

मागून एक म्हातारा पुटपुटला, "पाटील, आईला जायाचंच न्हाई."

तेव्हा महाराजांनी हाक मारली, "धुरपदा, तुझी लेक आहे गाड्यावर. तू ओढ."

"म्या?" धुरपदा भ्यायली. "एवढ्या बाप्यांना हलंना, महाराज."

"त्यांना तिला लांब न्यायचं होतं. तू घरी ने."

तिनं मडकं कमरेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं गाड्याची दोरी धरली. बांबूच्या कुसळांनी तिचा तळवा फाटलेला होता. तिनं दोरी ओढली, आणि अहो काय सांगू, गाडा फिरला! गाईमागून वासरू यावं तसा तिच्यामागून चालू लागला! हलगी वाजवायचं भान रावजीला राहिलं नाही. कुणीतरी जयजयकार करायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. जिथे घरटी एक प्रेत गेलं, तिथे जयजयकार कुठून फुटणार?

धुरपदा आपल्या झोपडीपाशी आली आणि थांबली. गाडा थांबला नाही! दोरी तिच्या हातात सैल होती, तरी चाकं पुढे चालली. आता गाडा तिला नेत होता. वरची आळी ओलांडली, पार ओलांडला. सगळा गाव मागे. आणि गाडा जाऊन थांबला तो हैबतराव पाटलांच्या दारात.

पाटलांचं तोंड पांढरंफटक पडलं. "इथं का? पुढं न्या त्याला. माझ्या घरात काही नाही. आमच्याकडं कुणी आजारी नाही!"

दार बंद होतं. भरदिवसा बंद. आणि बंद दारामागून एक आवाज आला, इतका बारीक, की आधी वाटलं मांजर आहे.

"आबा... पाणी..."

ती वेणू होती. पाटलांची एकुलती एक लेक. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, पहिल्या माहेरपणाला आली होती. आदल्या दुपारपासून तिला पटकी झाली होती. पाटलांच्या घराला आई लागली हे कळलं तर गाव काय म्हणेल, वेणूचं सासर काय म्हणेल, म्हणून त्यांनी घरातल्यांची तोंडं बंद केली होती. गाड्यावर तिचं कापडही टाकलं नव्हतं. पण नेम? नेम मात्र अगदी कडक पाळला होता. लेकीच्या उशाचा तांब्या पाटलांनी स्वतः उचलून बाहेर ठेवला होता. सकाळी धुरपदाच्या दारात त्यांचा आवाज का चिरकला, ते लोकांना आत्ता कळलं.

"पाटील, दार उघडा," महाराज हलकेच म्हणाले.

"तिला वाचवायला केलं, महाराज," पाटील म्हणाले. ते पायरीवरच बसले होते. "रात्रभर मागत होती. माझ्या हाताला धरून मागत होती. मी म्हटलं, पोरी, सकाळपर्यंत कळ काढ, वाचशील. मी तिला वाचवत होतो."

महाराजांनी दार ढकललं. वेणूला उचलून बाहेर ओसरीवर आणलं. ठकूला गाड्यावरून उतरवून तिच्या शेजारी ठेवलं. एकीच्या अंगावर रेशमी पातळ, दुसरीच्या अंगावर फाटकं परकर-पोलकं, आणि दोघींचे डोळे सारखेच आत गेलेले.

महाराज धुरपदाकडे वळले. "मडक्यात पेज किती आहे?"

"ठकूपुरती हाय."

महाराज 'दे' म्हणाले नाहीत. धुरपदा मडकं धरून उभी राहिली. तिनं पाटलांकडे पाहिलं. घटकेभरापूर्वी याच माणसानं तिची लेक गाड्यावर टाकली होती. तिचे ओठ हलले. काय म्हणाली देव जाणे, चांगलं म्हणाली नसणार! मग ती दोघींच्या मधे बसली. एक चमचा ठकूला दिला. एक चमचा वेणूला दिला.

वेणूनं चमचा दातांत धरून ठेवला. सोडेना. धुरपदाचे डोळे भरले. "सोड बाय, सोड. आनखी देते. हाय आनखी."

पाटलीणबाई आत धावल्या आणि त्यांनी चुलीवर मोठं पातेलं चढवलं. मग ज्या ज्या घरात कुणी अजून धुगधुगत होतं, तिथून लोक आपापली माणसं उचलून पाटलांच्या अंगणात आणू लागले. गाड्यासमोर दगडांची चूल मांडली आणि भोवती घोंगड्या अंथरल्या. महाराज एकेकापाशी वाकून पाजत होते, चमच्या चमच्यानं. आता दारं लावायला कुणी घरी नव्हतंच.

पण ऐका, सगळे वाचले असं मी सांगणार नाही. कित्येकांना फार उशीर झाला होता. ज्यांनी रिवाज सर्वात नेटानं पाळला, तीच घरं सर्वात जास्त रडली. वेणूच्या अंगात एक दिवस आणि एक रात्र पाणी गेलं नव्हतं. तिनं पेज घेतली, बरीच घेतली. डोळे उघडले, बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय, आबा. दार लावू नका हं." दिवेलागणीच्या आधी तिचा हात गार पडला.

पाटलीणबाईंचा टाहो आत घरात घुमला. पाटील रडले नाहीत. खांबाला टेकून ते लेकीच्या तोंडाकडे बघत बसले.

आणि तेवढ्यात धुरपदा एकदम किंचाळली, "मुतली! पोरगी मुतली गं माझी!"

मांडी ओली झाली होती तिची! सकाळपासून कोरडी पडलेली पोर, अंगातला थेंबन् थेंब आटलेली, तिच्या अंगात पाणी टिकलं होतं! ठकूनं डोळे किलकिले केले आणि कुरकुरली, "आये, भूक लागली." धुरपदा हसली, रडली, पोरीच्या ओल्या परकराचे मुके घेऊ लागली. आणि मग शेजारचं वेणूचं झाकलेलं तोंड तिच्या नजरेला पडलं. तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. खांदे मात्र हलत राहिले.

पाटील उठले. लोक घाबरून बाजूला झाले. ते महाराजांपुढे येऊन उभे राहिले. डोक्याला पटका नव्हता. "महाराज, तुम्ही गाडा थांबवलात. वेणूलाही उठवा. मी तुम्हाला पाणक्या म्हणालो, मला जी द्यायची ती शिक्षा द्या. पण तिला उठवा."

महाराजांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "गाडा मी थांबवला नाही, पाटील. आईनं थांबवला. आणि हे मला येत नाही. येत असतं तर माझी चार माणसं मी डोंगराखाली ठेवून आलो असतो का?"

"मग तिचं काय चुकलं?"

"तिचं काहीच चुकलं नाही. ती तहानेली होती."

तेव्हा हैबतराव पाटील मोडले. गुडघ्यांवर आले आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. महाराज हळूच एक पाऊल बाजूला सरले, आणि पाटलांचं कपाळ जाऊन टेकलं ते मागे बसलेल्या धुरपदाच्या पायांवर. गावचा पाटील बुरडणीच्या पायांवर! ठकूला तिनं शेजारी निजवलं होतं आणि ती आता तिसऱ्याच कुणाला तरी, वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या कुणब्याला पेज पाजत होती. पाटलांचे अश्रू तिच्या भेगाळलेल्या पायांवर पडत होते. क्षमा केली म्हणावं, तर ते खोटं ठरलं असतं. तिची पोर गाड्यावर टाकली होती या माणसानं.

शेवटी ती म्हणाली, "पाटील, जरा सरका. पेज सांडंल."

पाटील सरकले. तरी मान खालीच होती.

"आन् बसलाच हाय, तर ह्यांचं डोकं धरा वर. पडल्या पडल्या घोट उतरत न्हाई त्यांना."

हैबतराव पाटलांनी दोन्ही हात पुढे केले आणि त्या म्हाताऱ्याचं डोकं वर उचलून धरलं. ओकारीनं त्यांचं उपरणं भरलं, तरी त्यांनी हात काढले नाहीत. तसेच वाकून बसले. शेजारी त्यांची लेक झाकलेली होती, आणि समोर दुसऱ्याच्या बापाच्या घशातून पेजेचा घोट उतरताना ते बघत होते.

पुढच्या गावचे लोक दुसऱ्या दिवशी शिवेवर आले आणि वाट बघून बघून परत गेले. गाडा आला नाही. मरीआई जांभुळखोऱ्यातच राहिली, पाटलांच्या अंगणात, आणि तिच्यासमोरची चूल विझली नाही. अशा आईला, अशा धुरपदेला आणि ज्यांना शेवटचं गाव ठाऊक होतं त्या भिकोबा महाराजांना आपलं डोकं वाकू दे.